पूक्को: फिनलंडची कमरेची सुरी आणि तिचे लाकडाशी नाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. हेलसिंकीत शिकणारी भाची सुट्टीत घरी येताना मामासाठी फिनलंडची पारंपरिक सुरी, म्हणजे पूक्को, आणणार आहे. छायाचित्रांत मात्र ती बोटभर पात्याची, परज (मुठीपुढची आडवी पट्टी) नसलेली, जवळजवळ स्वयंपाकघरातली वाटावी इतकी साधी दिसते. मग तिचे एवढे कौतुक कशासाठी, तिचा इतिहास काय, आणि सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाने नेमकी कोणती मागवावी? मी बरीच वर्षे फिनलंडच्या उत्तर भागात राहतो, येथील प्रौढांसाठीच्या सायंवर्गात पूक्को घडवायला शिकलो आणि आता त्याच वर्गात नवागतांना मूठ बसवायला व धार लावायला शिकवतो. त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

पूक्को हे मुळात लाकूड तासण्याचे हत्यार आहे, आणि तिची प्रत्येक खोड त्यातूनच आलेली आहे. मासे साफ करणे, सावज सोलणे, भाकरी कापणे, अळंबी खुडणे ही सगळी कामे ती करते. पण तिचा आकार ठरवला तो लाकडाने. ज्या देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली आहे, जेथे घर, गाडी, होडी, चमचा, दंताळे, पाळणा असे सर्व काही शतकानुशतके लाकडाचेच होते, तेथे शेतकऱ्याच्या कमरेला दिवसभर असणारी सुरी लाकडासाठी घडली नसती तरच नवल. तिची मारामारीतली कीर्ती नंतरची आहे आणि तीही एका विशिष्ट प्रदेशातली. तिच्याकडे पुढे येतोच.

आधी आकार पाहू. पात्याची लांबी सहसा ८ ते १० सेंटिमीटर, म्हणजे धरणाऱ्याच्या तळव्याच्या रुंदीएवढी. मूठ पात्याइतकी किंवा किंचित अधिक लांब. पाठ सरळ, रुंदी जेमतेम दोन सेंटिमीटर, जाडी तीन-चार मिलिमीटर. आपल्या स्वयंपाकाच्या सुरीत उतार पाठीपासून धारेपर्यंत सलग जातो. पूक्कोत मात्र पात्याच्या साधारण मध्यापासून दोन्ही बाजूंनी सपाट उतार सुरू होतो आणि थेट धारेत संपतो. जुन्या घडणीच्या पात्यांत मध्यभागी सर्वांत जास्त जाडी असून पाते तेथून पाठीकडेही निमुळते होत जाते, त्यामुळे आडवा छेद घेतला तर तो शंकरपाळ्यासारखा दिसतो. हा आकार शोभेसाठी नाही. पाते लाकडात शिरले की फक्त मधली कड लाकडाला घासते, बाकीचा भाग मोकळा राहतो आणि सुरी अडकत नाही.

त्या सपाट उताराचे मोल किएहिनेन तासताना कळते. किएहिनेन म्हणजे विस्तव पेटवण्यासाठी पिसांसारखी तासलेली काडी. सुक्या पाइनची हातभर लांब चीप घ्यायची, तिचे एक टोक ओंडक्यावर टेकवायचे, पात्याचा उतार लाकडावर पूर्ण टेकेल इतके पाते आडवे ठेवायचे आणि हाताचा कोपर न वाकवता खांद्यातून खाली रेटायचे. उतार लाकडावर रंध्याच्या तळासारखा टेकलेला असल्याने धार किती खोल जाणार हे बोटांना आपोआप समजते. पाते किंचित उचलले की पापुद्रा जाड होतो, किंचित निजवले की कागदासारखा पातळ होऊन कुरळा वळतो. पापुद्रा काडीपासून सुटू द्यायचा नाही, शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर थांबायचे आणि काडी जराशी फिरवून पुढचा पापुद्रा काढायचा. नवशिक्याच्या हातात गोलाकार उताराची जाड सुरी दिली तर तो अर्धा तास लाकूड कुरतडत बसतो. पूक्को दिली तर थोड्याच वेळात त्याच्या काडीला पिसारा फुटतो. बाहेर बर्फ ओले असेल आणि सगळे सरपण भिजलेले असेल, तेव्हा चीप फोडून आतले कोरडे लाकूड असे तासता येणे ही येथे चैनीची गोष्ट नसते.

धार लावण्यातही हाच उतार उपयोगी पडतो. कोन मनाने धरावा लागत नाही. संपूर्ण उतार निसण्यावर टेकवायचा आणि पाते पुढे-मागे न्यायचे. दोन्ही बाजू मिळून हा कोन बहुधा वीस-बावीस अंशांचा असतो. तोटा असा की इतकी पातळ धार हाडावर, सांबरशिंगासारख्या कठीण वस्तूवर किंवा गोठलेल्या गाठीवर मुडपते अथवा तिचा कण निघतो. म्हणून शिकारी माणसे अगदी धारेवर, डोळ्यालाही नीट न दिसणारा, जरा उभा दुसरा उतार देतात. लाकूडकाम करणाऱ्याने तो देऊ नये असे माझे मत आहे, पण त्यावर येथे कॉफीच्या तीन-तीन कपांपर्यंत वाद चालतात.

आता परजेचा प्रश्न. मुठीच्या पुढे आडवी पट्टी नसेल तर हात घसरून पात्यावर जाणार नाही का, ही शंका रास्त आहे. भोसकण्यासाठी सुरी वापरली तर हात नक्कीच घसरेल. पण लाकूड तासताना जोर धारेच्या दिशेने लागतो, टोकाच्या दिशेने नाही. उलट, परज असती तर पात्याचा मुठीलगतचा भाग, जेथे सर्वांत जास्त ताकद लावता येते, कामातून बाद झाला असता, आणि बारीक कोरीव कामासाठी अंगठा व तर्जनी पात्यावर सरकवून धरता आली नसती. लहान मुलांना शिकवताना मात्र बोट अडेल असा उंचवटा असलेली मूठ आणि बोथट टोकाचे पाते देतात, आणि ते योग्यच आहे.

माझ्या लेखी पूक्कोची खरी कसोटी मुठीत असते. चांगली मूठ छेदात थेंबासारखी किंवा लांबट अंडाकृती असते, धारेच्या बाजूला जराशी अरुंद. त्यामुळे काळोखातही धार कोणीकडे आहे हे हाताला कळते. बोटांसाठी खाचा पाडलेली मूठ दुकानात आकर्षक दिसते, परंतु ती एकाच पकडीत बसते, आणि लाकूड तासताना पकड मिनिटागणिक बदलत असते. मुठीसाठी सर्वांत मानाचे लाकूड म्हणजे विसाकोइवु. ही बर्चची वेगळी जात नसून रुपेरी बर्चचाच एक अनुवंशिक प्रकार आहे; त्याच्या खोडात तपकिरी रेघांची गुंतागुंतीची नक्षी तयार होते आणि लाकूड घट्ट असते. बर्च म्हणजे आपल्या हिमालयातील भूर्जाच्याच कुळातले झाड. भूर्जाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, येथे त्याच कुळातील सालीच्या मुठी होतात.

सालीची मूठ कशी होते ते सांगण्यासारखे आहे. जून-जुलैत झाडात रस चढलेला असतो तेव्हा जमीनमालकाच्या परवानगीने साल काढतात. त्या दिवसांत ती उभा छेद देताच पट्ट्यासारखी सुटून येते. बाहेरचे पांढरे पापुद्रे खरवडून साल वजनाखाली सपाट वाळवतात. मग तिचे चौकोनी तुकडे करून प्रत्येकाच्या मध्यभागी चीर पाडतात आणि पात्याच्या मागच्या निमुळत्या शेपटीवर एकावर एक ओवत जातात, एका तुकड्याचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे, असे. सालीच्या जाडीप्रमाणे एका मुठीला पाऊणशे-शंभर तुकडे सहज लागतात. शेवटी शिकंज्यात सगळी चळत करकचून आवळायची, शेपटीच्या टोकावर पितळेचे वाशर बसवायचे आणि टोक हातोडीने ठोकून पसरवायचे. नीट आवळलेल्या मुठीला सरसाची गरज नसते. तिला कानस आणि पॉलिश-पेपरने आकार दिला की जी मूठ हाती येते ती वजनाला हलकी, ओल्या हातातही न निसटणारी आणि उणे तीस अंशांतही बोटांना गार न लागणारी असते. धातू उघडा असलेल्या जाड आधुनिक मुठींचा येथील हिवाळ्यात काय त्रास होतो, हे हातमोजे काढून एकदा धरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्यानाला येथे तुप्पी म्हणतात. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे भिजवून ते सुरीवरच ताणून शिवतात, शिवण मागच्या बाजूला येते आणि आत पात्याभोवती लाकडाची पातळ खोबण असते, जेणेकरून टोक कातडे फोडून मांडीत जाऊ नये. मूठ अर्ध्याहून अधिक म्यानात जाते आणि केवळ घट्ट बसण्यामुळे टिकते. बटण किंवा पट्टी लागत नाही. म्यान कमरपट्ट्यापासून कडीवर किंवा वादीवर लोंबते, म्हणून बसताना, होडीत चढताना किंवा स्कीवर वाकताना ते आपोआप बाजूला होते. कोकणात कमरेच्या आकडीत कोयता अडकवून माडावर किंवा रानात जाणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या व्यवस्थेचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही: हत्यार अंगावर आहे हे विसरता आले पाहिजे आणि हात मागे गेला की ते हाताला लागले पाहिजे.

इतिहासाकडे वळू. एकधारी लहान सुऱ्या फिनलंडमध्ये लोहयुगापासून सापडतात. गावोगावचे लोहार पूर्वी तळ्यांच्या तळाशी साचणाऱ्या लोहखनिजापासून लोखंड मिळवत; पोलाद महाग असल्याने ते फक्त धारेपुरते, मऊ लोखंडात बसवले जाई. १६४९ मध्ये फिस्कार्स येथे लोखंडाचा कारखाना उभा राहिला आणि १८३२ मध्ये तेथेच सुऱ्या, काटे, कात्र्या बनवणारा विभाग सुरू झाला. आज जगभर नारिंगी मुठीच्या कात्रीसाठी ओळखले जाणारे नाव ते हेच.

कारखान्याच्या मालापेक्षा प्रादेशिक लोहारांची घराणी जास्त रोचक आहेत. ईशान्येकडील काइनू प्रांतात ह्यूर्युन्साल्मी गावी काल्ले केरॅनेन या लोहाराच्या नावाशी जोडलेली टोम्मी पूक्को घडली: विसाकोइवुची मूठ, पितळेची टोपणे, वर वर्णन केलेले शंकरपाळी छेदाचे पाते. दिखाऊपणा शून्य. मला स्वतःला याहून देखणी पूक्को माहीत नाही, आणि घडवायला इतकी अवघडही माहीत नाही, कारण साध्या रेषांमध्ये चूक लपवायला जागाच उरत नाही.

पश्चिमेकडील दक्षिण ऑस्ट्रोबॉथ्नियाची कथा अगदी वेगळी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८८०च्या दशकापर्यंत या सुपीक, पैसेवाल्या प्रदेशात हॅय्यूत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दांडगट तरुणांच्या टोळ्यांचा सुळसुळाट होता. लग्नसमारंभात घुसून दंगा करणे, घोडागाड्या दामटणे आणि किरकोळ कारणावरून सुरी उपसणे हा त्यांचा शिरस्ता. त्यांत केवळ भिकेला लागलेले लोक नव्हते. चांगल्या शेतकरी घरांतले मुलगेही होते. लोकसंख्या वाढली, शेते वाटली गेली, लाकडापासून काढलेल्या डांबराचा जुना व्यापार खालावला आणि ज्यांना आपण जमीनदार होणार असे वाटत होते त्यांच्या वाट्याला काही उरले नाही, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. हॅर्मा भागातील आन्ती इसोतालो आणि आन्ती रान्नानयार्वी हे दोघे पुढारी १८६९ मध्ये पकडले गेले. बेड्या घातलेल्या या दोघांचे छायाचित्र आजही फिनलंडमध्ये सर्वांच्या परिचयाचे आहे. पूक्को म्हणजे भांडखोराचे हत्यार ही प्रतिमा येथून रुजली. ती खोटी नाही, पण एका प्रांताची आणि एका काळाची आहे. काइनू किंवा लॅपलंडच्या रानातल्या माणसाला ती ऐकून आश्चर्यच वाटले असते.

गंमत अशी की, याच प्रदेशातल्या काउहावा गावाने पूक्कोला प्रतिष्ठेची वस्तूही बनवले. १८७९ मध्ये ईसाक्की यार्वेनपॅ यांनी तेथे कारखाना सुरू केला आणि मुठीच्या टोकाला धातूचे घोड्याचे डोके असलेली त्यांची पूक्को देशभर गाजली. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता आणि या सुऱ्या झारच्या दरबारापर्यंत भेट म्हणून गेल्या. काउहावा आजही पूक्कोचे गाव आहे. दर जूनमध्ये तेथे पूक्कोचा उत्सव भरतो. पन्नासावा वाढदिवस, निवृत्ती किंवा उल्लेखनीय सेवा यांनिमित्त नाव कोरलेली पूक्को देण्याची फिनलंडमधली रीत अजून टिकून आहे, आणि ती देणे हा विश्वासाचा भाग मानला जातो.

शाळेचा वाटाही विसरता येणार नाही. शिक्षणतज्ज्ञ ऊनो सिग्नेउस यांच्या पुढाकाराने घडलेल्या १८६६च्या शालेय आदेशाने ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलग्यांसाठी हस्तकला सक्तीची झाली. त्यामुळे सुरी धरायचे वळण घरच्या परंपरेवर अवलंबून न राहता वर्गात शिकवले जाऊ लागले. हस्तकला हा विषय येथील शाळांत आजही मुलामुलींना एकत्र शिकवला जातो.

उत्तरेकडे, लॅपलंडमध्ये, तेथील मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांची लेउकु ही मोठी सुरी आहे: वीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, रुंद पाते, आणि हातमोज्यातूनही निसटू नये म्हणून शेवटी रुंदावणारी मूठ. तंबूचे खांब तोडणे, फांद्या छाटणे, रेनडिअरची हाडे फोडणे ही तिची कामे. तिच्या जोडीला लहान पूक्को असतेच, कारण उन्हाळ्यात रेनडिअरच्या पाडसाच्या कानाला मालकाच्या खुणेचे काप देण्यासाठी लहान आणि वस्तऱ्यासारखे पाते लागते. पाडूस गुडघ्यांत धरायचे, कान बोटांत ताणायचा आणि काही क्षणांत काप संपवायचे; तेथे बोथट सुरी म्हणजे जनावराला नाहक यातना. याच प्रदेशातल्या रोवानिएमीत यान्ने मार्तीनी यांनी १९२८ मध्ये आपला कारखाना काढला, जो पुढे २००५ मध्ये मासेमारीच्या साहित्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रापाला कंपनीकडे गेला.

युद्धाबद्दल थोडक्यात. सोव्हिएत संघाविरुद्धच्या १९३९-४०च्या हिवाळी युद्धात फिन्निश सैनिक आपापल्या घरच्या पूक्को घेऊन आघाडीवर गेले. रशियात या सुरीला फिन्का म्हणत आणि तेथील गुन्हेगारी जगात ती आधीपासूनच परिचित होती. युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने १९४० मध्ये टेहळणी सैनिकांसाठी जी सुरी स्वीकारली तिच्यावरही पूक्कोची छाप स्पष्ट दिसते. मात्र त्यांनी तिला परज जोडली, आणि तेवढ्याने ती लाकडाची सुरी राहिली नाही.

हल्ली जगभरच्या भटक्यांमध्ये जाड पात्याच्या सुरीवर दांडक्याने ठोकून ओंडके फोडण्याची टूम आहे, आणि त्या मापाने पूक्को नाजूक ठरवली जाते. हा आक्षेप चुकीच्या जागी आहे. येथला माणूस ओंडका फोडायला कुऱ्हाड नेतो. कुऱ्हाडीने फोडायचे आणि पूक्कोने तासायचे, अशी कामाची वाटणी असल्यामुळेच पूक्कोला इतके हलके आणि पातळ राहता आले. सर्व कामे एकाच पात्याकडून करून घ्यायची असतील तर पूक्को घेऊ नये, हे मी स्पष्टपणे सांगेन.

पोलादाविषयी. येथील लोहार पिढ्यान्‌पिढ्या हौसेने वापरतात ते ‘रुपेरी पोलाद’. त्यात चांदी नसते, घासून चकचकीत केलेल्या सळ्यांमुळे हे नाव पडले. सुमारे १.२ टक्के कार्बन, थोडे क्रोमियम आणि व्हॅनेडियम. भट्टीत पाते तापवताना चुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडा ताव देऊन ते तेलात बुडवून एकदम थंड करायचे आणि मग सुमारे दोनशे अंशांवर तासभर ठेवून कडकपणा जरा उतरवायचा. घासलेल्या पात्यावर गव्हाच्या काडासारखा पिवळसर रंग आला की समजावे. १९७६ पासून काम करणाऱ्या रोसेल्ली या कारखान्याने तर अतिकार्बन पोलादाची पाती काढली आणि त्यांतील काहींना दक्षिण भारतातील प्राचीन वूट्झ पोलादाचे नाव दिले. ती धार फार काळ टिकवतात, पण धार लावायलाही तितकाच वेळ घेतात.

महाराष्ट्रासाठी निवड करताना हवामान निर्णायक ठरते. कार्बन पोलाद कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात रात्रीत गंजते. ज्याला दर वापरानंतर पाते पुसून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवण्याची सवय लावायची आहे त्याने कार्बन पाते जरूर घ्यावे, कारण ते निसण्यावर लवकर येते आणि हळूहळू त्यावर चढणारी करडी झाक गंजाला काहीशी अडवते. इतरांनी स्टेनलेस पाते घ्यावे. त्यात कमीपणा नाही. कातडी म्यानाला पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून सुरी म्यानात ठेवून कपाटात टाकू नये. दोन्ही वेगळी, हवेशीर ठेवावीत. लाकडी मुठीला वर्षातून एक-दोनदा जवसाचे तेल चोळून दिवसभर मुरू द्यावे.

भाचीला सांगायचे झाले तर असे सांगावे: विमानतळावरच्या भेटवस्तूंच्या दुकानातून, पात्यावर अस्वल कोरलेली घेऊ नये. मार्तीनीची विसाकोइवुच्या मुठीची साधी स्टेनलेस पूक्को पुरेशी आहे. खर्च थोडा वाढवता येत असेल तर एखाद्या लोहाराकडून नऊ सेंटिमीटर पात्याची, सालीच्या मुठीची घ्यावी, आणि शक्य असल्यास मामाच्या तळव्याची रुंदी आधी मोजून कळवावी, कारण मूठ हाताला बसली नाही तर उत्तम पातेही पडून राहते. घोड्याच्या डोक्याची काउहावाची पूक्को भिंतीवर किंवा कपाटात शोभते. कामाला ते डोके तळहाताला टोचते.

कायद्याचे दोन शब्द. फिनलंडमध्ये २००३च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यानुसार कामासारख्या सबळ कारणाशिवाय शहरात सुरी बाळगता येत नाही. रानात, मासेमारीला किंवा शिकारीला जाताना ती कमरेला असण्यात कोणालाही वावगे वाटत नाही. भारतात शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि पूक्को त्या मापाच्या बरीच आत बसते. तरीही महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली लागू होणाऱ्या मनाई आदेशांत सुऱ्यांचाही समावेश असतो, म्हणून एसटीने किंवा लोकलने पायथ्याच्या गावी जाताना ती कमरेला न लावता सॅकच्या तळाशी गुंडाळून ठेवावी. विमानात ती केबिनमध्ये चालत नाही. भाचीने ती चेक-इनच्या सामानात, टोकाला बुचाचा तुकडा लावून आणि म्यानासकट कापडात बांधून आणावी.